गर्भातील ठोके आणि सातपुड्याची वाट

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर आम्हाला एका अर्भकाच्या दफनविधीसाठी जावे लागले. मोटार जेथे थांबते तेथून दोन टेकड्या ओलांडून आम्ही पोहोचलो, तोवर बापाने खड्डा खणून ठेवला होता. मूल पूर्ण दिवसांचे होते. नाकीडोळी नीटस, डोक्यावर दाट जावळ, अंगावर कोठे व्यंग म्हणून नाही. केवळ ते जन्मल्यावर रडले नव्हते.

प्रार्थना आटोपून आम्ही झोपडीत गेलो. कुडाच्या भिंतीला टेकून ती माता बसली होती. तिने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "फादर, ते कधी गेलं?"

सायंकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा बाळ पोटात हलत होते, एवढे तिला ठाऊक होते. पहाटे ते बाहेर आले तेव्हा निश्चल होते. मधल्या त्या दीर्घ रात्रीत केव्हा तो दिवा विझला, हे सांगू शकेल असे तेथे कोणी नव्हते. सासू उशाशी बसून होती. पाड्यावरची वृद्ध दाई रात्रभर जागली होती. दोघींनी जिवाचे रान केले होते. परंतु त्या बाळाच्या हृदयाचे ठोके त्या रात्री कोणी ऐकले नव्हते, कारण ते ऐकण्याचे साधन तेथे नव्हते आणि साधन चालवणारे माणूसही नव्हते.

आमच्यापाशी उत्तर नव्हते. सांत्वनाचे चार शब्द बोलून आम्ही टेकड्या उतरलो. तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर खाली आला. पुढे जमेल तसे वाचन केले, ओळखीच्या डॉक्टरांना व परिचारिका भगिनींना विचारले. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वैद्य नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

एक जुना प्रश्न

गर्भातील बाळ जिवंत आहे की नाही, हा प्रश्न मानवजातीइतकाच जुना आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया एलिझाबेथच्या भेटीस जाते आणि एलिझाबेथच्या उदरातील योहान हर्षाने उसळतो, तो प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. शतकानुशतके बाळाच्या अस्तित्वाची खूण ती एकच होती. आईला हालचाल जाणवली तर बाळ आहे. हालचाल थांबली, पोट जड आणि गार वाटू लागले, तर बाळ गेले. या खुणा फसव्या असत. बाळ झोपी गेले तरी हालचाल मंदावते, आणि कळांच्या कल्लोळात आईला काही जाणवेनासे होते.

या अज्ञानाने धर्मशास्त्र्यांनाही दीर्घकाळ व्याकूळ केले. सिसिली बेटावरील पालेर्मो नगरीचे धर्मगुरू फ्रान्सेस्को एमानुएले कांजामिला यांनी १७४५ साली गर्भस्थ जीवाविषयी एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. गरोदर स्त्री मरण पावली तर तिच्या उदरातील बाळ वाचवण्याचा, निदान त्याला स्नानसंस्कार देण्याचा प्रयत्न झालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गुरुविद्यामंदिरात असताना अशा आणीबाणीच्या बाप्तिस्म्याचे नियम आम्हीही शिकलो होतो. त्या वेळी ती केवळ परीक्षेची टिपणे होती. कांजामिलांच्या काळच्या धर्मगुरूपुढे खरी अडचण अशी होती की, उदरातील जीव जिवंत आहे हे ओळखण्याचा एकही खात्रीचा मार्ग कोणापाशी नव्हता. उदराची भिंत जणू बंद दार होती, आणि दाराला कान लावावा हे कोणाला सुचले नव्हते.

दाराला लावलेला कान

ते सुचले १८१८ साली, जिनिव्हातील शल्यवैद्य फ्रान्स्वा मायोर यांना. दिवस भरत आलेल्या गर्भवतीच्या पोटाला कान लावला असता बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि ते आईच्या नाडीहून वेगळे असतात, हे त्यांनी नोंदवले. ती नोंद छोटीशीच होती. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी स्टेथोस्कोप घडवला होता. १८१६ साली एका स्थूल तरुण स्त्रीचे हृदय तपासताना तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून ती मध्ये धरली आणि ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडाची नळी करवली आणि १८१९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिटनी प्रांतात जन्मलेला हा वैद्य श्रद्धावान कॅथोलिक होता. ज्या क्षयरोगाचे आवाज त्याने जगाला ऐकावयास शिकवले, त्याच रोगाने १८२६ साली वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

लाएनेक यांच्याच प्रांतातील आणि त्यांच्या परिचयातील एक वैद्य म्हणजे झाक आलेक्सांद्र ल झ्युमो द केर्गारादेक. एका गर्भवतीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ते गर्भजलाच्या हिंदकळण्याचा आवाज ऐकू पाहत होते. पाण्याचा आवाज राहिला बाजूला. घड्याळाच्या टिकटिकीसारखा एक द्रुत, दुहेरी नाद त्यांच्या कानी पडला. त्यांनी आईची नाडी मोजली. हा नाद तिच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चालला होता. २६ डिसेंबर १८२१ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी हा शोध पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडला.

केर्गारादेक यांचे मोठेपण केवळ आवाज ऐकण्यात नव्हते. बाळाच्या हृदयाच्या गतीत आणि बळात जे बदल होतात, त्यांवरून त्याचे आरोग्य वा आजार ओळखता येणार नाही काय, असा प्रश्न त्यांनी त्याच वेळी उपस्थित केला. जन्माआधीचे मूल हाही एक रुग्ण असू शकतो आणि त्याची विचारपूस करता येते, हा विचार तेथून मूळ धरू लागला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढचे शतक गेले. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहातील एव्हरी केनेडी यांनी १८३३ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. कळ ओसरल्यावरही ठोके लवकर पूर्ववत होत नसतील तर ते अरिष्टाचे लक्षण होय, हे त्यांच्या ध्यानी आले होते. १८९३ साली जर्मन वैद्य फॉन विंकेल यांनी ठोक्यांच्या वरच्या व खालच्या मर्यादा आखल्या. १८९५ साली फ्रान्समधील अडोल्फ पिनार यांनी लाकडी कर्णा रूढ केला. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला कानापुरता चपटा असा हा वीतभर कर्णा गर्भवतीच्या पोटावर टेकवून कान लावावयाचा. त्याला ना तार, ना वीज, ना दुरुस्ती. आजही जगात अनेक ठिकाणी सुइणींच्या पिशवीत तो सापडतो.

ठोके का मंदावतात?

येथे क्षणभर थांबून गर्भातील व्यवहार समजून घेतला पाहिजे. बाळ पोटात श्वास घेत नाही. आईच्या रक्तातील प्राणवायू वारेतून नाळेत आणि नाळेतून बाळाकडे जातो. वारेला रक्त पुरवणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या स्नायूंमधून जातात. कळ येते तेव्हा स्नायू आवळतात आणि या वाहिन्या दाबल्या जाऊन पुरवठा काही क्षण अडतो. पाणबुड्या दम रोखून बुडी मारतो, तसे बाळ प्रत्येक कळेत बुडी मारते आणि कळ ओसरताच वर येते. सुदृढ बाळापाशी त्यासाठी पुरेशी शिदोरी असते.

परंतु वार दुबळी असेल, नाळ दाबली जात असेल, आईच्या अंगी रक्त कमी असेल किंवा कळा एकामागून एक उसंत न देता येत असतील, तर शिदोरी संपत जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारणतः ११० ते १६० असतात. प्राणवायू कमी पडू लागला की हृदय आपली गती बदलते. कळेच्या शिखरानंतर ते मंदावते आणि कळ संपली तरी लवकर सावरत नाही. केनेडींनी कानाने टिपलेली खूण ती हीच. या खुणेनंतर लगेच अनर्थ होतोच असे नाही. पुष्कळदा काही अवधी हाती असतो. आईला कुशीवर वळवणे, कळा वाढवणारे औषध चालू असल्यास थांबवणे आणि तरीही ठोके सुधारले नाहीत तर बाळाला त्वरेने बाहेर काढणे, एवढे त्या अवधीत करावयाचे असते. तो अवधी वाया गेला तर मूल मृत जन्मते, अथवा जगले तरी मेंदूला इजा होऊन आयुष्यभर परावलंबी होण्याचा धोका राहतो.

म्हणून जाणत्या परिचारिका कळ ओसरताच ठोके ऐकतात, ते पूर्ण एक मिनिट मोजतात, आणि ऐकलेले ठोके बाळाचेच आहेत ना, याची खातरजमा करण्यासाठी दुसऱ्या हाताने आईची नाडी धरतात. बाळंतपणाच्या पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी, आणि बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ऐकावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. याचा अर्थ सरळ आहे. ऐकणाऱ्याने मातेजवळून उठता कामा नये.

यंत्र आणि माणूस

आपल्या महाराष्ट्रात या विद्येची गरज किती होती, हे एका नावाने कळते. डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातूनच वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. दगावलेल्या बाळाच्या आईचा प्रश्न इतक्या दूरवर घेऊन गेलेली ती पहिली मराठी माता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कानाची जागा यंत्राने घेतली. अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड हॉन यांनी १९५८ साली गर्भाच्या हृदयाची अखंड विद्युत नोंद घेण्याची पद्धती मांडली. उरुग्वेत काल्देइरो-बार्सिया आणि जर्मनीत कोन्राड हाम्माखर त्याच ध्यासाने काम करीत होते. १९६० चे दशक संपण्यापूर्वीच अशी यंत्रे बाजारात आली. कागदाच्या पट्टीवर वर बाळाचे ठोके, खाली आईच्या कळा, अशा दोन रेषा उमटू लागल्या. आजच्या रुग्णालयांत सीटीजी या नावाने ओळखले जाते ते हेच यंत्र. आता एकही बाळ गुदमरणार नाही, अशी आशा त्या काळी अनेकांना वाटली.

ही आशा कसोटीस लागली ती पुन्हा डब्लिनमध्येच. तेथील राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयात १२,९६४ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटात अखंड यंत्र, दुसऱ्या गटात परिचारिकेने ठरावीक अंतराने ऐकणे. १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राच्या गटात १२ नवजात बालकांना आकडी आली, दुसऱ्या गटात २७ बालकांना. येथे यंत्राचा लाभ स्पष्ट दिसला. परंतु मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, १४ आणि १४. आकडी आलेली मुले चार वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा मेंदूच्या कायमच्या अपंगत्वाच्या बाबतीतही यंत्राच्या गटाला काही लाभ झालेला आढळला नाही. यंत्राच्या गटात चिमट्याने कराव्या लागलेल्या प्रसूती मात्र अधिक होत्या.

या आकड्यांवरून यंत्र निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल. जोखमीच्या बाळंतपणात त्याचा आधार आजही घेतला जातो. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. डब्लिनच्या त्या रुग्णालयात प्रत्येक प्रसववेदना सोसणाऱ्या स्त्रीजवळ एक परिचारिका अखेरपर्यंत बसत असे. यंत्राची तुलना झाली ती अशा, जागच्या न उठणाऱ्या माणसाशी. जेथे असे माणूस होते, तेथे साध्या कर्ण्याने बाळे वाचवण्याच्या कामी यंत्राची बरोबरी केली. आमच्या मते या दोनशे वर्षांच्या इतिहासाचे सार येथे आहे, आणि सातपुड्याच्या डोंगरांना हवे आहे तेही हेच आहे.

आपला नंदुरबार

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि शंभरातील सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी होते. तापीकाठच्या शहादा, तळोदा, नंदुरबार या सपाटीवर रुग्णालय गाठणे तुलनेने सोपे आहे. अक्कलकुवा व अक्राणीच्या डोंगरांत तसे नाही. तेथे घरे एकमेकांपासून दूर, टेकडीटेकडीवर विखुरलेली. नर्मदेच्या काठी सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून मणिबेलीसारख्या गावांच्या जुन्या वाटा बुडाल्या आणि दवाखाना बोटीतून येऊ लागला. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजही गरोदर स्त्रीला बांबूच्या झोळीत घालून चौघे जण खांद्यावर वाहून आणतात.

त्यातच येथील बाळाची शिदोरी मुळात अपुरी असते. रक्तक्षय येथे घरोघरी आहे. शिवाय भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल आढळतो. या आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्या अडवतात; वारेतील वाहिन्याही त्यातून सुटत नाहीत. आजारी मातेचे बाळ लहानखुरे राहते आणि प्रत्येक कळेची बुडी त्याला अधिक जड जाते. कळा लवकर याव्यात म्हणून कोणी अर्धवट शिकलेला मनुष्य घरी येऊन सुई टोचतो, तेव्हा तो त्या बाळाची उसंतच हिरावून घेतो, हे आम्ही प्रत्येक पाड्यावर हात जोडून सांगत असतो.

काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सिकलसेलच्या तपासण्या होतात. दिवस भरत आलेल्या मातांना आरोग्य केंद्राजवळ आधीच येऊन राहता यावे म्हणून माहेरघरे निघाली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून जे साधले तेही आपल्यापुढे आहे. ३९ गावांतील त्या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला मुखवट्यातून श्वास देणे या अल्पशिक्षित आरोग्यदूतींना साधले होते, आणि इतर उपचारांच्या जोडीने त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते.

तेव्हा उणीव बुद्धीची नाही, आणि यंत्राचीही मुख्यतः नाही. मुठीत मावणारे डॉप्लर आज परिचारिकेच्या पिशवीत असू शकते, आणि लाकडी कर्णा तर सव्वाशे वर्षांपासून आहे. उणीव आहे ती रात्रभर जवळ बसणाऱ्या शिकलेल्या माणसाची, आणि ठोके मंदावल्याचे कळल्यावर धावण्यासाठी वाटेची. ऐकले, परंतु पोहोचता आले नाही, तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला केवळ यातना येतात. म्हणून डोंगरातला प्रत्येक पूल, प्रत्येक पक्का रस्ता आणि प्रत्येक भरलेले परिचारिकेचे पद हा गर्भातील बाळाच्या उपचाराचाच भाग आहे. ग्रामसभेत याची मागणी करताना आपल्या धर्मग्रामातील माणसांनी हे राजकारण मानू नये.

त्या मातेविषयी चार शब्द लिहून हा लेख संपवतो. दोन वर्षांनी ती पुन्हा गरोदर राहिली. आशाताईंनी पाठपुरावा केला आणि नवव्या महिन्यात तिला माहेरघरात आणून ठेवले. त्या बाजूला आमचे जाणे झाले तेव्हा आम्ही तिची विचारपूस केली. नर्सबाईंनी त्या सकाळी डॉप्लर लावून तिला व तिच्या नवऱ्याला बाळाचे ठोके ऐकवले होते. नवरा म्हणाला, "काठीच्या होळीला लांबून ढोल ऐकू येतो ना फादर, तसा आवाज."

ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याचा पण असाच असंल."

पहिल्या बाळाविषयीच्या तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आजही देता येत नाही. दुसऱ्या बाळाचा स्नानसंस्कार पुढील पुनरुत्थान सणाच्या सुमारास झाला. डोक्यावर पाणी पडताच ते मोठ्याने रडले, आणि रडे थांबवण्याची घाई त्या दिवशी कोणीच केली नाही.